गुडघ्यांची झीज आणि आयुर्वेदाची साथ

प्रास्ताविक

वय वाढले की सांधे दुखायचेच, असे म्हणून गुडघेदुखी मुकाट्याने सोसण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. दुसरीकडे ‘संधिवात मुळापासून बरा करू’ अशी खात्री देणाऱ्या जाहिराती भिंतींवर, वर्तमानपत्रांत आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावरही दिसतात. पहिली वृत्ती माणसाला घरात बसवते, दुसरी त्याला फसवते. या दोहोंच्या मधे एक शहाणपणाचा मार्ग आहे. तो कोणता, आयुर्वेद त्या मार्गावर आपल्याला कितपत साथ देतो आणि ती साथ घेताना कोणती सावधगिरी बाळगावी, हे या पाठात समजून घेऊ.

सदरमधील एक उदाहरण

जबलपूर शहराच्या छावणी भागात सदर ही जुनी बाजारपेठ आहे. जबलपूरचा मराठी भाषेशी संबंध जुना आहे. १७९८ मध्ये हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला. पुढे इंग्रजी अमलात आणि स्वातंत्र्यानंतरही, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत, जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते. १९०४ मध्ये सुरू झालेला तोफगाड्यांचा कारखाना, १९६९ मध्ये सुरू झालेला लष्करी वाहनांचा कारखाना, रेल्वे, सैन्य आणि सरकारी कचेऱ्या यांतील नोकऱ्यांच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे या शहरात स्थिरावली.

अशाच एखाद्या कुटुंबातील साठी उलटलेल्या गृहिणीची कल्पना करू. आयुष्यभर तिने जमिनीवर बसून पोळ्या लाटल्या, उकिडवे बसून धुणी धुतली, पाण्याच्या बादल्या उचलल्या. आता सकाळी उठताना तिचे गुडघे आखडलेले असतात. चार पावले टाकली की मोकळे होतात. जिना उतरताना कळ येते. देवापुढे मांडी घालून बसणे सुटले आहे. ग्वारीघाटावर नर्मदेच्या दर्शनाला जायचे, तर पायऱ्यांच्या धाकाने ती वरूनच हात जोडते.

शेजारणी तिला आपुलकीने सल्ले देतात. एक म्हणते, “काकू, माझ्याकडचं तेल लावून बघा.” दुसरी कुणा ओळखीच्या माणसाकडची पुडी आणून देते. घरातील मुले वेदनाशामक गोळी देतात. या सगळ्यांचा हेतू चांगलाच आहे. परंतु काकूंना झाले आहे तरी काय, हा पहिला प्रश्न कुणीच विचारलेला नाही.

सांध्यात नेमके काय घडते?

दोन हाडे जिथे एकमेकांना भेटतात, तिथे त्यांच्या टोकांवर गुळगुळीत, लवचीक असे आवरण असते. त्याला कूर्चा म्हणतात. सांध्याच्या पिशवीत वंगणासारखा द्रव असतो. कूर्चा आणि हा द्रव यांमुळे हाडे एकमेकांवर न घासता सहज फिरतात.

कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते. आपण चालतो तेव्हा कूर्चा दाबली जाते आणि सैल होते. पाण्यातला स्पंज दाबून सोडावा, तसा द्रव तिच्यात ये-जा करतो. म्हणूनच बेताची हालचाल हा सांध्याचा आहारच होय. वय, वाढलेले वजन, जुनी दुखापत, कष्टाची कामे आणि आनुवंशिकता यांमुळे ही कूर्चा हळूहळू विरते, खरखरीत होते. हाडांच्या कडा वाढतात, सांध्याचे अस्तर सुजते, भोवतीचे स्नायू दुबळे होतात. या विकाराला ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजेच सांध्यांची झीज, असे म्हणतात.

हा विकार काही विरळा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना तो होता. त्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे साठ टक्के होते आणि सर्वांत जास्त ग्रासलेला सांधा गुडघाच होता. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून सांधेदुखीची घरोघर पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या त्या पाहणीत शंभरांपैकी सुमारे अठरा जणांना सांधे, स्नायू किंवा हाडांचे दुखणे आढळले. शेतात आणि घरात राबणाऱ्या माणसांचे हे दुखणे किती पसरलेले आहे, हे त्यावरून दिसले.

एक शब्द, तीन आजार

आपण बोलताना कोणत्याही सांधेदुखीला ‘संधिवात’ म्हणतो. बोलीभाषेत तो शब्द चालतो, पण उपचार करताना तो अपुरा पडतो. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथकारांनी सांध्यांच्या दुखण्यांचे निरनिराळे प्रकार ओळखले होते.

पहिला प्रकार संधिगत वात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायात त्याचे वर्णन आहे. सांधा वाऱ्याने भरलेल्या कातडी पिशवीसारखा हाताला लागतो, सुजतो आणि पसरताना-आखडताना वेदना होतात, अशी लक्षणे तिथे दिली आहेत. सांध्यांच्या झिजेशी हे वर्णन बरेच जुळते.

दुसरा प्रकार आमवात. माधवनिदान या ग्रंथात त्याचे स्वतंत्र आणि सविस्तर विवेचन आहे. नीट न पचलेल्या अन्नरसाला आयुर्वेदात ‘आम’ म्हणतात. हा आम वातासह सांध्यांत जातो, अशी त्यामागची कल्पना आहे. यात अनेक सांधे सुजतात, अंग जड होते, ताप येतो, भूक मंदावते. आजच्या रूमॅटॉइड आर्थ्रायटिसशी त्याचे साम्य मानले जाते. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्यांवर हल्ला करते. वेळेवर उपचार झाले नाहीत, तर हातापायांची बोटे कायमची वाकडी होऊ शकतात.

तिसरा प्रकार वातरक्त. पायाचा अंगठा एकाएकी लाल होतो, सुजतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. रक्तातील युरिक आम्ल वाढल्याने होणाऱ्या गाऊटशी त्याची तुलना करतात.

हा भेद केवळ पंडितांच्या चर्चेसाठी नाही. संधिगत वातात तेलाचे मर्दन हा मुख्य उपचार आहे. आमवाताच्या आरंभी मात्र वैद्य तेल टाळतात आणि तापलेल्या वाळूच्या पुरचुंडीने कोरडा शेक देतात. लालबुंद, तापलेल्या सांध्याला आणखी शेक दिला, तर दुखणे वाढते. म्हणजे शेजारणीचे जे तेल एकीला लाभले, तेच दुसरीला त्रासदायक ठरू शकते. तेल तेच, गुडघाही तसाच दिसणारा. आजार मात्र वेगळा. म्हणून निदान आधी आणि औषध नंतर, हा नियम आयुर्वेदाचाही आहे.

निदानासाठी वैद्य किंवा डॉक्टर दुखण्याची हकीकत विचारतात, सांधा हाताने तपासतात आणि गरज असल्यास क्ष-किरण तपासणी व रक्ताची तपासणी करवतात. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत गेला, तर बहुधा झीज असते. तो तासभर किंवा त्याहून अधिक टिकला आणि हातांचे लहान सांधेही सुजले, तर आमवाताची शंका घ्यावी लागते. काकूंची लक्षणे पहिल्या प्रकारची आहेत. तरीही तपासणी करून घेतलेली बरी.

आयुर्वेद या विकाराकडे कसे पाहतो?

आयुर्वेदानुसार म्हातारपण हा वाताचा काळ. वाताचे गुण रूक्ष, शीत आणि चल असे सांगितले आहेत. तो वाढला की शरीरातील स्निग्धता घटते. सांध्यांना वंगण पुरवणारा श्लेषक कफ कमी होतो आणि हाडांचे पोषण मंदावते. पावसाळ्यात किंवा कडाक्याच्या थंडीत दुखणे वाढते, हा अनेक रुग्णांचा अनुभवही आयुर्वेद वाताच्या प्रकोपाशी जोडतो.

ही भाषा आधुनिक वैद्यकाची नाही. कूर्चा, स्नायू, सूज यांच्या भाषेत तिचे शब्दाला शब्द असे रूपांतर होत नाही. पण तिच्यातून निघणारा व्यवहार समजण्यासारखा आहे. रूक्षतेला स्निग्धता, थंडीला ऊब, दुर्बलतेला पोषण आणि अनियमितपणाला दिनचर्या, असा तो विचार आहे. येथे ‘मुळापासून बरे करण्याची’ घाई नाही. विरलेली कूर्चा पूर्ववत करणारे औषध आजवर कोणत्याही वैद्यकशाखेला सिद्ध करता आलेले नाही. वेदना कमी करणे, सांधा हलता ठेवणे, स्नायूंचे बळ राखणे आणि माणसाला त्याच्या कामात व माणसांत ठेवणे, हे उपचाराचे खरे ध्येय आहे.

उपचारांचे मार्ग

*बाह्य उपचार.* सुश्रुतसंहितेत स्नायू, सांधे व हाडांतील वातावर स्नेहन, उपनाह, अग्निकर्म, बंधन आणि मर्दन हे उपचार सांगितले आहेत. स्नेहन म्हणजे तेल-तूप यांचा उपयोग, उपनाह म्हणजे गरम औषधी लेप बांधणे. अग्निकर्मात तापवलेल्या शलाकेने ठरावीक ठिकाणी चटका देतात. ते केवळ प्रशिक्षित वैद्याचेच काम होय.

घरी करण्याजोगा उपचार साधा आहे. तिळाचे, निर्गुंडीचे किंवा वैद्याने सांगितलेले महानारायण तेल कोमट करावे. दहा मिनिटे हलक्या हाताने गुडघ्याभोवती चोळावे आणि नंतर गरम पाण्यात पिळलेल्या पंचाचा शेक घ्यावा. ज्यांच्या पायांची संवेदना मधुमेहाने कमी झाली आहे, त्यांनी शेकाची उष्णता दुसऱ्याकडून तपासून घ्यावी. अन्यथा कातडी भाजल्याचेही कळत नाही.

रुग्णालयात जानुबस्ती करतात. गुडघ्याभोवती उडदाच्या पिठाची गोल पाळ बांधून तीत कोमट तेल काही वेळ धरून ठेवतात. निर्गुंडी, एरंड यांसारखी पाने तेलावर परतून, त्यांची पुरचुंडी बांधून दिलेल्या शेकाला पत्रपिंडस्वेद म्हणतात. गुदमार्गाने औषधी काढा किंवा तेल देण्याचा बस्ती हा उपचार वातविकारांत महत्त्वाचा मानला आहे. तो मात्र घरी करू नये.

*पोटात घेण्याची औषधे.* सुंठ, गुळवेल, रास्ना, एरंडमूळ, दशमूळ, गुग्गुळ आणि सालईचा डिंक ही या विकारातील नेहमीची द्रव्ये. रास्नासप्तक काढ्यात रास्ना, गुळवेल, बाहवा, देवदार, गोखरू, एरंड आणि पुनर्नवा ही सात द्रव्ये असतात. सालईचे झाड मध्य भारताच्या कोरड्या पानझडी जंगलांत आढळते. त्याचा सुगंधी डिंक धुपासाठी जाळतात. संस्कृतात त्या झाडाला ‘शल्लकी’ म्हणतात. गुग्गुळाचे झुडूप राजस्थान, गुजरात आणि मध्य प्रदेशातील चंबळच्या कोरड्या भागांत वाढते. डिंकासाठी त्याला इतक्या निर्दयपणे चिरा पाडल्या गेल्या, की आज ती वनस्पती नामशेष होण्याच्या धोक्यात आहे.

औषधांची नावे नीट वाचायला हवीत. योगराज गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ यांच्या नावांत एका ‘महा’चा फरक आहे, पण दुसऱ्यात धातूंची भस्मे असतात. दुकानदाराने एकाऐवजी दुसरे दिले आणि आपण वाचले नाही, तर औषधच बदलते. अक्षरओळख आरोग्याच्या कामी येते ती अशी.

*आहार आणि वजन.* गरम, ताजे, पचायला हलके अन्न घ्यावे. लसूण, सुंठ, मुगाचे वरण, बेताचे तूप यांचा समावेश असावा. शिळे आणि अतिथंड अन्न टाळावे. मात्र ‘सांध्यांना वंगण’ म्हणून डिंकाचे लाडू आणि तूप मनसोक्त खाल्ले, तर वजन वाढते आणि गुडघ्याचा भार वाढतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की एक किलो वजन घटले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. दिवसाची हजारो पावले धरली, तर हा लाभ किती मोठा आहे ते ध्यानात येईल. मधुमेह असणाऱ्यांनी आसव, अरिष्ट आणि अवलेह घेताना त्यांतील गुळाचा व साखरेचा विचार करावा.

*व्यायाम.* गुडघ्याचा खरा आधार मांडीचा पुढचा स्नायू आहे. खुर्चीवर ताठ बसावे, एक पाय गुडघ्यात सरळ करावा, पाच आकडे मोजेपर्यंत तसाच धरावा आणि सावकाश खाली आणावा. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ हे करावे. सपाट जागेवर रोज झेपेल तेवढे चालावे. काठी वापरायची असल्यास ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना बरा पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी. दुखणे जोरात असताना उकिडवे बसणे आणि मांडी घालणे टाळावे. स्वयंपाकाचा ओटा आणि उंच आसनाचे शौचकूप यांची सोय करावी. ही चैन नव्हे, हाही उपचारच आहे.

संशोधन काय सांगते?

परंपरेने सांगितले म्हणून औषध गुणकारी ठरत नाही आणि परंपरेने सांगितले म्हणून ते टाकाऊही ठरत नाही. त्याची परीक्षा घ्यावी लागते.

भारतात अशी एक महत्त्वाची परीक्षा झाली. तिचे निष्कर्ष डॉ. चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. गुडघ्यांच्या झिजेचे ४४० रुग्ण तीत सहभागी होते. काहींना सुंठ, गुळवेल, सालई, आवळा व गुग्गुळ यांपासून केलेली औषधे, काहींना ग्लुकोसामाइन, तर काहींना सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक २४ आठवडे देण्यात आले. कोणाला काय मिळते, हे रुग्णांना किंवा तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हते. वेदना आणि हालचाल या बाबतींत आयुर्वेदिक औषधे इतर दोन औषधांच्या बरोबरीची ठरली. मात्र आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात यकृतावरील ताण दाखवणारे विकर वाढलेले आढळले. औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झाले. वनस्पतीची औषधे ‘निरुपद्रवीच’ असतात, हा समज किती अपुरा आहे, ते यावरून कळते.

जर्मनीतील बर्लिन येथे झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात १५१ रुग्ण होते. त्यांपैकी काहींना तेथील नेहमीचे उपचार मिळाले, तर काहींना मर्दन, आहार, औषधे आणि योग यांचा एकत्रित आयुर्वेदिक उपचार मिळाला. १२ आठवड्यांनंतर आयुर्वेदिक गटाला अधिक आराम पडला. परंतु आपल्याला कोणता उपचार मिळतो आहे हे रुग्णांना माहीत होते, त्यामुळे विश्वासाचा आणि मिळालेल्या आस्थेचा वाटा त्यात किती, हे वेगळे काढता येत नाही. या दोन्ही अभ्यासांचा अर्थ असा, की आयुर्वेदाचे उपचार पद्धतशीरपणे दिले, तर वेदना कमी होण्याची आशा रास्त आहे, चमत्काराची नाही.

पुडीतील धोका

काकूंना मिळालेल्या पुडीकडे आता वळू. तिच्यावर नाव नाही, घटकांची यादी नाही. दोन दिवसांत वेदना पळाली, तर आनंद होण्याऐवजी शंका यायला हवी. काष्ठौषधींचा गुण सहसा सावकाश येतो. एकाएकी आराम देणाऱ्या निनावी भुकटीत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. त्याने चेहरा सुजतो, रक्तातील साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल, तर ती अचानक बंद करणेही धोक्याचे असते. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जावे.

दुसरा धोका धातूंचा. २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली. त्यांपैकी सुमारे एक पंचमांश उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. तिसरा धोका विषारी वनस्पतींचा. बचनाग, काजरा म्हणजेच कुचला, बिब्बा ही द्रव्ये शोधन केल्याशिवाय वापरता येत नाहीत. दुखऱ्या गुडघ्यावर घरीच बिब्बा लावल्याने कातडीवर फोड उठतात आणि जखमा चिघळतात.

औषध विकत घेताना वेष्टणावर निर्मात्याचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकद्रव्ये, निर्मितीची तारीख आणि वापराची अंतिम तारीख पाहावी. बिल घ्यावे. वैद्य नोंदणीकृत आहेत ना, याची चौकशी करण्यात संकोच बाळगू नये. आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा १९५४ चा कायदा ज्या आजारांवर हमखास इलाजाच्या जाहिराती करण्यास मनाई करतो, त्यांच्या यादीत संधिवातही आहे. म्हणजे भिंतीवरची ती जाहिरात केवळ अतिशयोक्त नाही, बेकायदाही आहे.

रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांची औषधे किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती वैद्यांना सांगावी आणि मनाने बंद करू नये. गर्भवती स्त्रियांनी गुग्गुळासारखी औषधे आपल्या विचाराने घेऊ नयेत. वेदनाशामक गोळ्याही सल्ल्यावाचून महिनोन् महिने घेतल्या, तर जठर आणि मूत्रपिंडांना इजा होते.

साथ कोठे मिळेल आणि केव्हा पुढे जावे?

जबलपुरात ग्वारीघाटाच्या बाजूस शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. १९५५ मध्ये स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय, जे आज नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते, तेही याच शहरात आहे. १ मे २०२२ पासून देशातील ३७ छावणी रुग्णालयांत आयुर्वेद केंद्रे सुरू करण्याचा निर्णय संरक्षण मंत्रालय आणि आयुष मंत्रालय यांनी घेतला. त्या यादीत जबलपूरचा समावेश होता. कामठी, खडकी, देहू रोड आणि बेळगाव ही मराठी माणसांच्या ओळखीची छावणी गावेही होती. सदर ही छावणीचीच बाजारपेठ असल्याने या निर्णयाचे येथील रहिवाशांना विशेष महत्त्व आहे. एकाच रुग्णालयात दोन्ही शाखांचे वैद्य असले, तर रुग्णाला त्यांच्यात निवड करावी लागत नाही, दोघांचे साहाय्य घेता येते.

काही लक्षणे दिसताच मात्र तेल-काढ्यात वेळ दवडू नये. सांधा लाल, गरम होऊन ताप येणे, पडल्यानंतर पायावर भार न देता येणे, गुडघा मध्येच अडकणे, रात्रीच्या विश्रांतीतही वेदना न थांबणे किंवा विनाकारण वजन घटणे, अशा वेळी ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. झीज फार वाढून चालणेच थांबले, तर सांधेबदल शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातल्यानंतर तो पूर्वीपेक्षा स्वस्त झाला. शस्त्रक्रिया करावी लागली म्हणजे आयुर्वेद हरला, असे नव्हे. तिच्या आधी आणि नंतरही स्नायूंचे बळ, आहार आणि नियमितपणा यांची गरज राहतेच.

समारोप

गुडघ्यांची झीज हा दीर्घकाळ सोबत करणारा विकार आहे. त्याला हाकलून देणारी जादूची पुडी नाही, पण त्याला आवरून धरणारी दिनचर्या आहे. आजाराचे नाव आधी जाणून घ्यावे, जाणकाराच्या सल्ल्याने उपचार घ्यावेत, वेष्टणावरील अक्षरे वाचावीत आणि सांधा हलता ठेवावा. घरातील माणसांनीही ‘वयच झालं’ असे म्हणून आईला किंवा आजीला कोपऱ्यात बसवू नये. तिच्यासोबत रोज थोडे चालावे. तेलाची वाटी कोमट करून देणारा हात आणि चालताना आधार देणारा खांदा यांचे मोल कोणत्याही औषधाहून कमी नाही.

स्वाध्याय

१. ‘बेताची हालचाल हा सांध्याचा आहारच होय’ या विधानाचे स्पष्टीकरण द्या.

२. संधिगत वात, आमवात आणि वातरक्त यांच्यातील फरक तुमच्या शब्दांत लिहा. हा फरक न ओळखता उपचार केल्यास काय होऊ शकते?

३. भारतात आणि बर्लिनमध्ये झालेल्या अभ्यासांतून कोणते निष्कर्ष काढता येतात? कोणते काढता येत नाहीत?

४. तुमच्या घरातील एखाद्या औषधाचे वेष्टण वाचा. त्यावर पाठात सांगितलेल्यांपैकी कोणती माहिती आहे व कोणती नाही, याची नोंद करा.

५. तुमच्या परिसरातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीशी तिच्या सांधेदुखीविषयी बोला आणि तिच्यासाठी एका दिवसाची दिनचर्या तयार करा. औषधे मात्र सुचवू नका.